नाओयाचं पान

मिनीबस ओढ्याकाठी थांबली तेव्हा सगळ्यांनी आपापल्या पिशव्या आसनांवर ठेवल्या आणि हात मोकळे करून उतरले. तोमिएसान मात्र एक गाठोडं छातीशी धरून उतरल्या. जांभळ्या कापडात बांधलेलं, वर घट्ट गाठ मारलेलं. झोपलेल्या लेकराला धरतात तसा त्यांनी खालून हात लावला होता.

हिसाएने ते पाहिलं, पण विचारलं काही नाही. तोवादाचं तळं लोकांना दाखवण्यात तिचे केस पांढरे झाले होते. तळ्यावर येताना माणसं काय काय घेऊन येतात ते तिला ठाऊक होतं. कुणी मेलेल्या कुत्र्याचा पट्टा आणतं, कुणी नवऱ्याचा चष्मा. विचारलं तर लाजतात, नाही विचारलं तर कधीतरी आपणच सांगतात.

झाडांचे रंग बघायला येणारी गर्दी येऊन गेली होती. आता फांद्या उघड्या पडल्या होत्या, ओढ्यातले दगड कुजक्या पाचोळ्याने भरले होते आणि आभाळ इतकं खाली उतरलं होतं की उंच झाडांचे शेंडे त्यात बुडाले होते. मोसमातली ही शेवटची सहल. आज ओढ्याच्या काठाने चालत तळ्यापर्यंत, उद्या देऊळ आणि होडी, परवा सकाळी वरच्या कड्यावरून तळ्याचा निरोप.

"सगळ्यांनी घंटा बांधल्या ना?" हिसाएने विचारलं. "अस्वलं झोपायच्या आधी खाऊन घेतात. आपण येतोय हे त्यांना कळलेलं बरं."

"मी दोन बांधल्यात," ओनोदेरासान म्हणाले. हाचिनोहेचे हे मासळीचे व्यापारी. दुकान लेकाच्या हवाली करून दरवर्षी एकटेच फिरायला निघायचे. "एक अस्वलासाठी आणि एक बायकोसाठी. दोघांनाही मी येतोय हे आधी कळलेलं बरं."

दोन-चार जण हसले. तोमिएसानही हसल्या, पण उशिरा. त्यांचे यजमान योशिझोसान हसले नाहीत. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. नोशिरोच्या लाकडाच्या वखारीत उभा जन्म काढलेला. वाटेत पडलेल्या ओंडक्यावर ते सवयीने हात ठेवत आणि पुढे जात.

दुपारी एका धबधब्यापाशी सगळे जेवायला बसले. प्रत्येकाचा डबा होता. तोमिएसाननी आपला डबा बाजूला ठेवला आणि गाठोडं सोडलं. आतून एक लहानसं तबक निघालं, जेवायच्या दोन काड्या निघाल्या आणि लाखेचं काळं वाडगं, झाकणासकट. थर्मासमधून त्यांनी वाफाळता भात काढला, वाडग्यात घातला, झाकण ठेवलं आणि तबक आपल्या समोरच्या रिकाम्या दगडावर मांडलं. काड्यांची टोकं नीट जुळवली. मग हात जोडून बसून राहिल्या.

"कुणी मागून येतंय का?" ओनोदेरासाननी विचारलं.

"मुलगा आहे," तोमिएसान म्हणाल्या.

"हां, हां. उशीर झाला वाटतं त्याला."

"हो. जरा उशीर झालाय."

योशिझोसान उठले आणि धबधब्याच्या दिशेने चालू लागले. ओनोदेरासाननी हिसाएकडे पाहिलं, तिने हलकेच मान हलवली तसे ते गप्प झाले. तेही इकडचेच होते, त्यांना आणखी सांगावं लागलं नाही. घरचं माणूस दूर असलं की त्याचं पान घरी मांडायचं. इथे पान मांडलेलं असलं की तिथे तो उपाशी राहत नाही. आणि जेवण झाल्यावर वाडग्याचं झाकण उलटून बघायचं. आतून थेंब धरले असले तर तो सुखरूप आहे.

थोड्या वेळाने तोमिएसाननी झाकण उचललं आणि हिसाएला दाखवलं. काळ्या लाखेवर बारीक थेंब दाटून बसले होते.

"बघा," त्या म्हणाल्या. "एक दिवस चुकला नाही."

"खरंच की," हिसाए म्हणाली.

मग तोमिएसाननी तो निवलेला भात आपल्या डब्याच्या झाकणात उलटला आणि गार घास सावकाश चावून खाल्ले.

संध्याकाळी तळं समोर आलं. केव्हातरी डोंगराच्या पोटातली आग बाहेर पडली, डोंगर आत खचला आणि त्या खड्ड्यात पाणी साठलं, असं हिसाए नेहमी सांगायची. आज तिने ते थोडक्यात आटपलं. समोर सगळं शिशासारखं होतं. पाणी कुठे संपतं आणि पाऊस कुठे सुरू होतो तेही कळत नव्हतं. नेनोकुचीच्या वाहनतळावर बस थांबली तेव्हा बाकीचे फोटो काढायला उतरले. योशिझोसान आणि तोमिएसान उतरले नाहीत. काचेतून बाहेर, वाहनतळाच्या एका रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसले. तिथे काहीच नव्हतं, पांढऱ्या रंगात आखलेल्या रेघा तेवढ्या होत्या.

यासुमियाच्या खानावळीत उतरायचं होतं. मालकीण सेत्सु ही हिसाएची शाळेपासूनची मैत्रीण.

"अगं, त्या नोशिरोच्या बाईंनी तीन पानं मांडायला सांगितलीत," तिने हिसाएला दारातच गाठलं. "खोलीत तर दोघंच आहेत."

"मांड तीन."

"तिसरा कधी यायचाय?"

"तू मांड. भात तेवढा वाफाळता वाढ."

सेत्सु क्षणभर बघत राहिली. "असं होय," म्हणाली आणि आत गेली.

हिसाए घरी जायला निघाली तेव्हा योशिझोसान अंगणातल्या बाकावर बसले होते. आंघोळ करून आले होते, केस ओले होते. त्या गारठ्यात ते तसेच बसून होते.

"हिसाएसान, दोन मिनिटं बसाल का?"

ती बसली. ते सांगू लागले. नाओया त्यांचा एकुलता एक मुलगा. सेंदाईला नोकरीला होता. एका शरद ऋतूत तो कामावर गेला नाही. त्याची गाडी सापडली ती नेनोकुचीच्या वाहनतळावर. चाकावर किल्ली ठेवलेली, आत चहाची अर्धी बाटली. जंगल पिंजून काढलं, पाणबुडे उतरवले. काही सापडलं नाही. पाणबुडे म्हणाले, तळं फार खोल आहे, आणि तळाशी इतकं गार की गेलेलं वर येत नाही. पोलीस म्हणाले, पुष्कळ माणसं अशीच गाडी सोडून दुसऱ्या गावी जातात, दुसरं नाव घेऊन राहतात. दोन्ही गोष्टी ऐकून ते घरी आले, आणि त्या दिवसापासून तोमिएसान पान मांडतात.

"सात वर्षं झाली," योशिझोसान म्हणाले. "आता कायद्यानं त्याला गेलेला म्हणता येतं. पितरांत घेता येतं. ती ऐकत नाही. मग आमचं ठरलं, की तळ्यालाच विचारायचं. उद्या कागद सोडायचा. बुडाला तर मागणं पुरं होणार, तरंगला तर नाही. असंच ना?"

"असंच म्हणतात."

"ती काय मागणार ते मी विचारलं नाही. आई दुसरं काय मागणार?"

समोरच्या घरात कुणीतरी दिवा लावला. योशिझोसान त्या दिव्याकडे बघत म्हणाले, "मी लाकडातला माणूस. काय तरंगतं आणि काय बुडतं ते मला कळतं. कागदाच्या पुडीला घट्ट पीळ दिला, की आत हवा कोंडते. पुड्या तुम्हीच वळून आणता ना?"

पुड्या हिसाएच वळायची. देवळातून कागद आणायची आणि आदल्या दिवशी घरी बसून प्रत्येकाची पुडी वळायची. थंडीत म्हाताऱ्या माणसांची बोटं वळत नाहीत, आणि होडीत वारा असतो. तिची ती रीतच होती.

"तिची घट्ट वळा," योशिझोसान म्हणाले. "पुडी तरंगताना ती बघेल, रडेल, आणि मग थांबेल. सात वर्षं ती त्याच्या पानातला निवलेला भात खातेय. मला एकदा तिच्यासमोर बसून गरम भात खायचाय, हिसाएसान. दोघांनी, बरोबर. बस्स. दुसरं काही नाही."

"देवाचं काम आहे हो ते," हिसाए हळूच म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला सांगतोय. देवाला कसं सांगू?"

"बघते," ती म्हणाली.

ते उठले आणि कमरेत वाकून नमस्कार केला, जणू तिने हो म्हटलं होतं.

घरी येऊन हिसाएने पितरांच्या देव्हाऱ्यासमोर दिवा लावला. पहाटे देव्हाऱ्यात पाणी ठेवल्याशिवाय ती तोंडात घोट घ्यायची नाही, आणि संध्याकाळी दिवा लावल्याशिवाय जेवायची नाही. आईने घालून दिलेलं व्रत. दिव्याच्या उजेडात तिने कागद पसरले आणि एकेक पुडी वळायला घेतली.

आईनेही पान मांडलं होतं. हिसाएचा थोरला भाऊ एइकिचि हिवाळ्यात कामासाठी तोक्योला गेला, बांधकामावर. शेतं बर्फाखाली गेली की इकडचे सगळेच पुरुष तेव्हा जायचे. बाकीचे वसंतात परतले. एइकिचि परतला नाही. आई रोज त्याचं पान मांडायची, झाकण उलटून बघायची आणि म्हणायची, "आहे, बरा आहे." आणि तो होताही बरा. कावासाकीत दुसरं घर करून, दोन मुलींचा बाप होऊन राहत होता. हे कळलं ते आईच्या शेवटच्या दिवशी, तो दारात उभा राहिला तेव्हा. "दरवर्षी येणार येणार म्हणत होतो," तो म्हणाला. मग बसला आणि पोटभर जेवला.

झाकण खोटं बोललं नव्हतं. पण हिसाएला त्याहून वेगळं आठवत होतं. दुखणाईत आई, गुडघ्यांत पाणी झालेली आई, रोज पहाटे भिंतीला धरून उठायची ती त्या पानासाठी. पान नसतं तर ती कशासाठी उठली असती?

योशिझोसानचं म्हणणं तिला कळत होतं. पण पुरुषाला वाटतं पान बंद झालं की बाई मोकळी होईल. पान काढून घेतलं, की हातात काय उरतं ते त्याला माहीत नसतं.

तोमिएसानची पुडी तिने शेवटी वळायला घेतली. थोडा वेळ कागद नुसताच धरून ठेवला. मग उठून तांदळाच्या डब्यातून चिमूटभर तांदूळ आणले, कागदात ठेवले आणि वर घट्ट पीळ दिला. आजीच्या काळी कागदात तांदूळ घालूनच सोडायचे, तिने स्वतःला सांगितलं. पाप नाही. ओळखायला म्हणून टोक जरासं आत दुमडलं. मग देव्हाऱ्यासमोर बराच वेळ डोकं टेकवून राहिली. पण काय मागावं ते तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावसात बर्फाचे कण मिसळले होते. देवळाकडची देवदारांची वाट काळी, ओली झाली होती. सगळ्यांनी दर्शन घेतलं, टाळ्या वाजवून हात जोडले. तोमिएसान सगळ्यांत शेवटी पुढे गेल्या आणि लवकर परतल्या. पूर्वी देवळामागच्या कड्यावरून लोखंडी शिडीने खाली पाण्यापर्यंत जाता यायचं, ती वाट आता बंद होती. म्हणून होडीने वळसा घालून, कागद सोडायच्या कपारीपाशी जायचं. तिथे पाणी काठालाच एकदम खोल होतं. निळं म्हणावं तर निळं नाही, काळं म्हणावं तर काळं नाही.

होडीवाल्याने यंत्र बंद केलं. अंगावरच्या रेनकोटवर बर्फाचे कण टपटपत होते, तेवढाच आवाज.

हिसाएने पुड्या वाटल्या. "मनात मागा, मग सोडा. फेकू नका, हातातून जाऊ द्या."

पहिली पुडी ओनोदेरासाननी सोडली. ती पाण्यावर पडली, गोल फिरली आणि बदकाच्या पिलासारखी खडकाकडे निघाली. सगळे बघत राहिले. बुडेना.

"काय मागितलंत?" कुणीतरी विचारलं.

"गुडघा. नवा. बायको म्हणालीच होती, वयाला शोभेल असं माग."

बाकीच्यांच्या पुड्या भिजत भिजत कधीतरी खाली गेल्या. मग तोमिएसान पुढे झाल्या. गाठोडं त्यांनी योशिझोसानच्या हातात दिलं. हिसाएने त्यांना दुमडल्या टोकाची पुडी दिली, आणि आपले हात बाह्यांत ओढून घेतले.

तोमिएसाननी डोळे मिटले नाहीत. पाण्याकडे बघत त्यांनी ओठ हलवले आणि पुडी सोडली.

ती तरंगलीच नाही. पाण्याला टेकली तशी सरळ खाली गेली, ठरलेल्या ठिकाणी निघाल्यासारखी. पांढरी, मग निळसर, मग करडी. बराच वेळ ती दिसत राहिली, इतकं ते पाणी स्वच्छ होतं. मग दिसेनाशी झाली.

कुणीतरी दीर्घ श्वास सोडला. तोमिएसाननी होडीच्या काठावर दोन्ही हात ठेवून पाण्याला नमस्कार केला. योशिझोसान गाठोडं धरून उभे होते. त्यांचा चेहरा हिसाएला वाचता आला नाही.

धक्क्यावर उतरल्यावर ते तिच्या मागोमाग आले. बाकीची माणसं पुढे जाऊ दिली आणि मग दबक्या आवाजात म्हणाले, "पीळ घट्ट दिला होता ना?"

"घट्टच होता," हिसाए म्हणाली. खोटं नव्हतं ते.

"नक्की?"

"हाताने दिला होता."

"तरी बुडाला." ते तिथेच थांबले. त्यांच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. "घट्ट पिळाचा कागद असा जात नाही, हिसाएसान. मी लाकडातला माणूस. मला कळतं. असा जात नाही." आणि हिसाएने पाहिलं, की त्यांनी गाठोडं बायकोला परत दिलं नव्हतं. खालून हात लावून धरलं होतं.

तिने तोंड उघडलं. पण ते निघून गेले होते, तरुण माणसासारखे भरभर.

त्या संध्याकाळी खानावळीत सगळे एकत्र जेवायला बसणार होते. हिसाएही होती. शेवटच्या संध्याकाळी ती पाहुण्यांबरोबर जेवायची. चुलीवर भांडं रटरटत होतं. त्यात भात कुटून, काठीला थापून भाजलेल्या नळ्या, कोंबडी आणि रानातली अळंबी. खोली वाफेने भरली होती. सेत्सु तिच्या कानाशी आली.

"त्या बाई मघाशी आत येऊन गेल्या. तिसरं पान आजपासून नको म्हणाल्या."

"नको?"

"मी दोनदा विचारलं. नको म्हणाल्या. आणि आभार मानले, दोन दिवस मांडलंत म्हणून."

हिसाए तिथेच उभी राहिली. योशिझोसान आंघोळ करून आले, बसले, आणि समोर बघितलं.

"नाओयाचं कुठंय?"

"आजपासून नको," तोमिएसान म्हणाल्या. त्यांनी आपल्या वाडग्यातला भात वाफाळता असतानाच काड्यांनी उचलला होता.

"नको म्हणजे? अगं, कागद बुडाला."

"म्हणूनच तर."

"बुडाला म्हणजे तो आहे."

"आहेच ना," तोमिएसान म्हणाल्या. "तिथे आहे."

बाकीचे आपसात बोलत होते, ओनोदेरासान नळी मोडून दुसऱ्याला वाढत होते. हिसाए चहाचं भांडं घेऊन दोघांच्या मागे उभी होती. तिला तिथून हलता आलं नाही.

"तू काय मागितलंस?" योशिझोसाननी विचारलं.

"मी कुठे काय मागितलं." तोमिएसान शांतपणे बोलत होत्या, जणू बाजारातून काय आणलं ते सांगत होत्या. "सात वर्षं मागतेच आहे, की परत ये, परत ये. आज म्हटलं, नाओया, तू इथे असशील तर हा कागद हातात घे. नसशील तर राहू दे. मग मी घरी जाऊन आहे तसं चालू ठेवीन." त्यांनी काड्या खाली ठेवल्या. "तुम्ही बघितलंत ना? खालून हात पुढे केल्यासारखा गेला. मला तर वाटलं, बोटंसुद्धा दिसली."

योशिझोसाननी आपलं वाडगं बाजूला सारलं.

"लहानपणीही तो असाच घ्यायचा," त्या म्हणाल्या. "काही दिलं की लगेच. थांबायचा नाही."

मग त्या जेवल्या. गरम भात, गरम रस्सा, मासा, सगळं. योशिझोसान त्यांच्यासमोर बसले होते. पण त्यांनी घास उचलला नाही. हिसाएच्या हातातलं भांडं निवत चाललं होतं. आत्ताच सांगावं, तिला वाटलं, की बाई, तो हात नव्हता, ते माझ्या घरचे तांदूळ होते. पण मग काय? मग ही बाई उद्यापासून पुन्हा निवलेला भात खाणार. आणि हे गृहस्थ? त्यांनी जे मागितलं होतं, ते समोर बसलं होतं, वाफाळत होतं, आणि त्यांना ते गिळता येत नव्हतं.

पहाटे तिने देव्हाऱ्यात पाणी ठेवलं. थोडं पाणी सांडलं. पुसलं, पुन्हा भरलं. पण आज पाणी ठेवून उठावंसं वाटेना.

खानावळीत ती पोचली तेव्हा उजाडत होतं. जेवणघरात तोमिएसान एकट्याच खिडकीशी बसल्या होत्या. हात मांडीवर उघडे पडलेले, तळवे वर. एरवी या वेळी त्या उठून भात तयार झाला का ते विचारायच्या, वाडगं गरम पाण्याने धुवायच्या, काड्या पुसायच्या. आज त्यांना यातलं काही नव्हतं. बाहेर रात्रीतून बर्फ पडून कडे पांढरे झाले होते, आणि मध्ये तळं तेवढं काळं.

"झोप लागली?" हिसाएने विचारलं.

"लागली. पण जाग नेहमीच्याच वेळी आली बघा." त्या जराशा हसल्या. "आली तर आली, पण कशाला उठायचं ते आठवेना."

हिसाए त्यांच्याजवळ बसली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार सरकलं आणि योशिझोसान आत आले. त्यांच्या हातात तबक होतं. तबकावर ते काळं वाडगं, काड्या, लोणच्याची बशी. काड्या वाकड्या ठेवल्या होत्या. त्यांनी ते तबक तिसऱ्या जागेसमोर मांडलं आणि तोमिएसानच्या शेजारी मांडी घालून बसले.

"अहो, हे काय?"

"भात उरला होता."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"घट्ट होता तो कागद," योशिझोसान म्हणाले. ते बायकोकडे बघत नव्हते. "तुला माहीत नाही. घट्ट होता. तो बुडायला नको होता."

तोमिएसान त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. दूरच्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या. मग खिडकीकडे वळल्या.

हिसाएने मन घट्ट केलं. "योशिझोसान, जरा बाहेर येता का? त्या कागदाचं तुम्हाला..."

"नका सांगू," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "परवा मी तुम्हाला नको ते सांगितलं. तुम्ही काय केलंत ते आता मला सांगू नका. हात जोडतो."

आणि त्यांनी खरंच हात जोडले, पण ते तिला की समोरच्या वाडग्याला ते तिला कळलं नाही. पाहुणे एकेक करून येऊ लागले. ओनोदेरासान बसले, तिसरं पान पाहिलं आणि चक्क एक शब्दही न बोलता आपलं लोणचं उचलून त्या बशीत ठेवलं.

जेवण झाल्यावर योशिझोसाननी झाकण उचललं आणि उजेडाकडे धरलं. थेंब होते. गरम भातावर झाकण ठेवलं की थेंब धरतातच. हे हिसाएला माहीत होतं, तिच्या आईला माहीत होतं, घरोघरच्या बायकांना माहीत आहे. म्हणूनच दूरच्या माणसाचं पान कुणी कधी गार भाताने मांडत नाही.

"बघ," योशिझोसान म्हणाले.

तोमिएसाननी बघितलं नाही.

योशिझोसाननी मग तो निवलेला भात आपल्या वाडग्यात घेतला आणि खाऊ लागले. लाकूड चावावं तसा.

कड्यावर गेल्यावर तळं दिसलंच नाही. ढग खाली उतरले होते. हिसाएने नेहमीप्रमाणे हात पुढे करून सांगितलं, समोर देवळाचं टोक, उजवीकडे कपार, आणि सगळ्यांनी मान हलवली, जणू दिसतंय. तोमिएसान कठड्याशी उभ्या राहिल्या. त्यांनी मोकळे हात कोटाच्या खिशात घातले, पुन्हा बाहेर काढले, पुन्हा घातले.

खाली बस उभी होती. सगळे चढले. हिसाए दाराशी उभी राहून प्रत्येकाला निरोप देत होती. ओनोदेरासान म्हणाले, "पुढच्या वर्षी दुसरा गुडघा मागेन." तोमिएसान तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "तुमच्यामुळे झालं." हिसाएने मान खाली घातली. एवढंच तिला जमलं.

योशिझोसान शेवटी चढले. दोघं शेजारी बसले, बायको खिडकीशी. येताना गाठोडं तिच्या मांडीवर होतं. आता ते त्यांच्या मांडीवर होतं. जांभळ्या कापडाची गाठ त्यांना नीट मारता आली नव्हती, एक टोक सुटून लोंबत होतं. तोमिएसाननी ते पाहिलं. हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला.

बस वळणाआड गेली. हिसाए बर्फात उभी राहिली. घरी जाऊन तिला त्याच तांदळाच्या डब्याचं झाकण उघडायचं होतं, दुपारचा भात टाकायचा होता.